विड्याचा रंग

"ताई, ऐकताय ना?" डॉक्टर चौगुले म्हणाले. "पोरीला आत्ता काही नाही, ते बरं आहे. पण इथून पुढं महिना-दीड महिन्यात तिला ताप आला, तर घरी सिरप पाजत बसू नका. डोळे लाल, जीभ लाल, अंगावर पुरळ, पोटात दुखणं, यातलं काही दिसलं की थेट घेऊन या. घरातल्यांचा कोरोना निघून जातो, पण एखाद्या पोराच्या अंगात मागं धग ठेवून जातो."

"हो, हो," मी म्हणाले.

"घरात तुम्ही दोघं आजारी होतात तेव्हा हिला काही त्रास? खोकला, तापाची कसर?"

"छे. शिंकलीसुद्धा नाही."

मी खिडकीतून रस्त्यापलीकडं बघत होते. तिथं शालन वैनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, स्कूटीवर बसल्या होत्या आणि माझी सहा वर्षांची ईश्वरी पुढं उभी राहून हॉर्न वाजवत होती. वैनींनी तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या, वर बांधून, लाल रिबिनी लावून. माझ्या हातून ती कधी दोन वेण्या घालून घ्यायची नाही. दुखतं म्हणायची.

"ताई?"

"हो डॉक्टर. ताप आला की आणते."

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. डॉक्टर काय म्हणाले ते वैनींनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "काही नाही. सगळं बरं आहे."

जयसिंगपुरातलं आमचं घर दुमजली. वर आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा रणजित आणि ईश्वरी, खाली वैनी आणि थोरले भावजी. भावजी ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस गुजरातेत. वैनींना मूलबाळ नाही. दुसऱ्या लाटेत, शेवटी शेवटी, रणजित आणि मी एकदमच आजारी पडलो. जिन्याचं दार लावून घेतलं आणि पोर खाली वैनींकडं राहिली. जेवण पायरीवर यायचं. संध्याकाळी वैनी तिला अंगणात उभी करायच्या आणि मी गॅलरीतून बघायचे. पहिल्यांदा पोर रडायची, हात वर करायची. मग नुसता हात हलवायला लागली. मग हात हलवून लगेच आत पळायला लागली, कारण आत खेळ अर्धा टाकून आलेली असायची.

ती वैनींना आधीपासून 'मोठी आई' म्हणायची. आमच्याकडं थोरल्या काकूला तसंच म्हणतात, त्यात वावगं काही नव्हतं. पण आम्ही बरे झालो, दार उघडलं आणि पोर वर आली, तेव्हापासून ती अधूनमधून 'मोठी' खालीच ठेवून यायची. एकदा तिनं गॅलरीतून हाक मारली, "आई!"

"काय गं?" मी स्वयंपाकघरातून ओ दिली.

"तू नाही," ती म्हणाली.

रणजित हसला. त्याला फार मजा वाटली. त्यानं ते भावजींना फोनवर सांगितलं, भावजींनी वैनींना सांगितलं आणि वैनींनी मला अंगणात गाठून सांगितलं, "अगं, पोरगी काय बोलली बघ!" वैनींचा चेहरा असा फुललेला की मला तिथं उभं राहवेना. मी गॅसवर दूध ठेवलंय म्हणाले आणि वर आले. गॅसवर काही नव्हतं.

मग गौरी आल्या.

आमच्याकडं तेरड्याची गौर. विहिरीवरून आणायची, मुलींनी, वाजत गाजत. त्या वर्षी वाजत गाजत काही नव्हतं. गल्लीतल्या चारपाच जणी मास्क लावून गेलो आणि आलो. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं उठवायची असतात, मूठ कुंकवात बुडवून. दरवर्षी ती मी उठवायचे. त्या वर्षी वैनी म्हणाल्या, "मेघना, यंदा ईशूला उठवू दे की. ल्हान मूठ, ल्हान पावलं. गौर खरीच चालत आल्यागत दिसंल."

खरंच तसं दिसलं. सगळ्यांनी फोटो काढले. पोरीचे दोन्ही तळवे लालभडक झाले आणि ती ते हात कुणालाही लागू न देता, दोन्ही पंजे उंच धरून, घरभर फिरली. रात्री तिचं अंग मला कोमट लागलं. मी म्हटलं, दिवसभर अंगणात भिजल्या पायांनी फिरली. वैनींनी फिरू दिलं. सिरप पाजलं. चौगुले डॉक्टर सणाला गावी गेले होते, दवाखाना बंद. ताप उतरला म्हणून मीही निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवशी गौरीजेवण. आमच्या घरात पुरण वैनींचं. सासूबाईंपासून चालत आलेलं हे. शालनच्या हातचं पुरण, असं सगळे म्हणायचे, आणि ते खरं होतं. पण त्या दिवशी पुरण लागलं. जिन्यावरच मला वास आला. मी खाली गेले, तर वैनी कढईसमोर उभ्या राहून हलवत होत्या, अगदी शांत.

"वैनी, लागलं की पुरण!"

"लागलं?" त्यांनी कढईत बघितलं. "कसं काय गं? मी हितंच हाय की."

"वास नाही आला?"

त्यांनी गॅस बंद केला. वरचं वरचं पुरण दुसऱ्या भांड्यात काढलं. पुरणपोळीला थोडी करपट चव आलीच, आणि पंगतीत कुणीतरी तसं बोललं, तेव्हा मला आतून बरं वाटलं. मी मुद्दाम म्हणाले, "असू दे हो, वर्षात एकदा होतंच." वैनी मान खाली घालून वाढत राहिल्या.

ईश्वरीनं अर्धी पोळी खाल्ली आणि पोटात दुखतंय म्हणून उठली. वैनींनी सकाळी तिला पुरणाचा गोळा चारलेला मी बघितला होता.

जेवणानंतर विडे. वैनी पाटावर पानांची चवड घेऊन बसल्या आणि पोर त्यांच्या मांडीला रेलून. त्या एकेकीला विडा करून देत होत्या आणि थट्टा करत होत्या. "बघा हं, ज्यानं दिलेला विडा जास्त रंगतो, त्याची माया जास्त. मेघना, जीभ दाखव. बघ, बघ, माझी किती माया तुझ्यावर!"

"माझा पण, मोठी आई, माझा पण!"

"तुझा तर येगळाच." त्यांनी एक पान छोटं कापलं, त्यात काय काय घातलं आणि लवंग टोचून तिच्या तोंडात दिलं. मला पुढचं बघायचं नव्हतं. मी भांडी घासायला घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोर तापात होती. डोळे लाल. मोबाइल, मी म्हणाले, वैनी मोबाइल देतात. रणजित म्हणाला, "अगं, काल विडा खाल्ल्यापासून पोरगी झोपलेलीच होती, मोबाइल कुठला?"

"तू घरी असतोस का बघायला?"

तो घरीच असायचा, त्या दिवसांत सगळेच घरी असायचे.

पोरीनं अंथरुणातूनच जीभ बाहेर काढली. लाल. नुसती लाल नव्हे, टोकदार दाणे उठलेली, रंगलेली, ओठसुद्धा रंगलेले.

"आई, बघ. मोठ्या आईचा विडा अजून रंगलाय."

"बघितलं," मी म्हणाले.

"किती रंगलाय ना?"

"हो गं बाई, बघितलं म्हटलं ना."

तिनं जीभ आत घेतली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तुझा विडा रंगत नाही का?"

मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे. लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळलेली. रंग कशाला कशानं चढतो हे मला शिकवलेलं आहे, मी शिकवलेलंही आहे. पण मी स्वयंपाकघरात गेले, कालची उरलेली पानं धुतली, चुना लावला, कात जरा जास्तच टाकला आणि विडा करून तिच्याकडं आणला. "घे. बघू कुणाचा रंगतो."

तो तोंडाशी नेला न नेला तोच ती ओकली. माझ्या हातावर, विड्यावर. "तुझा नको," ती रडत म्हणाली, "पोटात दुखतंय." मला त्यातलं 'तुझा नको' तेवढंच ऐकू आलं.

तिला पुसायला घेतलं तेव्हा हात दिसले. तळवे अजून लाल. गौरीच्या कुंकवाचे. मी बादलीत कोमट पाणी घेतलं, साबण घेतला आणि घासायला लागले. "इतकं कुंकू लावतात का पोरीला! हलक्या प्रतीचं, रसायनाचं." तळवे फुगल्यासारखे लागत होते. रंग जाईना. मी आणखी घासलं. "आई, दुखतंय." मी घासत राहिले. पाणी अगदी स्वच्छ होतं. साबणाचा फेस पांढराच होता. हे मी बघितलं आणि तरी घासत राहिले.

दुपारी विसर्जन झालं. खालून वैनींनी विचारलं, "ईशूला आणतीस का गं निरोपाला?"

"झोपलीय," मी वरूनच सांगितलं.

"मी येऊ का वर बसायला?"

"नको. उठेल ती तुमच्या आवाजानं."

त्यानंतरच्या दिवशी सकाळी ती हाक मारल्यावर डोळे उघडायची आणि मिटायची. पाय गार, डोकं कढत. मी सिरपचं झाकण उघडत होते. तिनं पाणी मागितलं, मी चमच्यानं पाजलं, तेव्हा पुन्हा ती जीभ दिसली. विडा खाऊन इतका वेळ उलटला होता, आणि जीभ कालच्याहून लाल. माझ्या डोक्यात एकच आलं. मी अंघोळीला गेले की वैनी वर येतात. चोरून विडे देतात.

मी चमचा टाकून जिना उतरले. वैनी अंगणात तांब्या घासत होत्या.

"वैनी, किती विडे चारलेत माझ्या पोरीला?"

"आं?"

"किती? रोज देताय ना? तिची जीभ बघितलीय का? लालभडक! ओठ फुटलेत! पोटात दुखतंय, ओकतेय, आणि तुम्हाला माया दाखवायचीय. ती माझी पोर आहे, वैनी. माझी. तुम्ही मोठी आई असाल, नाहीतर आणखी कोण असाल, पण—"

"मेघना." त्यांनी हात वर केला, राखेनं भरलेला. "मी एकच विडा दिला. जेवणादिवशी. त्यानंतर तू वर येऊ दिलंस कुठं?"

"मग रंग? एका विड्याचा रंग इतके दिवस राहतो?"

"कसला रंग गं? तिच्या विड्यात कात न्हवताच की."

"कात नव्हता?" मी म्हणाले.

"ल्हान पोरीला कात देतंय व्हय कुणी? गुलकंद, खोबरं, बडीशेप. चुनाबी न्हाई. हिरवा विडा तो, कसा रंगंल?"

त्या बोलता बोलता थांबल्या. माझ्याकडं बघत होत्या, मी त्यांच्याकडं. त्यांच्या हातातून तांब्या सुटला, अंगणभर वाजत गेला.

"मग लाल कशानं हाय?" त्या म्हणाल्या, आणि पळाल्या.

मी मागून पळाले. जिन्यावर त्यांचा पदर माझ्या तोंडावर येत होता. मला अजून आठवतं, तेव्हासुद्धा मला लागलं, की माझ्या पोरीकडं माझ्याआधी त्या पोचल्या.

चौगुले डॉक्टर गावाहून आले होते. त्यांनी जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, तळवे दाबून बघितले. ब्लडप्रेशरचा छोटा पट्टा शोधला, लावला, पुन्हा लावला. मला वाटत होतं त्यांनी बोलावं, ओरडावं. त्यांनी नुसता फोन उचलला आणि मिरजेच्या दवाखान्यात कुणाला तरी म्हणाले, "लहान मुलगी पाठवतोय, कोरोनानंतरची सूज वाटतेय, प्रेशर पडतंय. बेड तयार ठेवा." मग माझ्याकडं वळले. "गाडी आहे ना? थांबू नका."

रणजितनं गाडी चालवली. पोर वैनींच्या मांडीवर, कारण मी तिला उचलायला वाकले तेव्हा वैनी आधीच मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "दे इकडं, तू तिचं डोकं धर." मी डोकं धरलं. अंकलीच्या पुलावर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई." आम्ही दोघीही "काय गं" म्हणालो. ती परत मिटली.

मुलांच्या आयसीयूच्या दाराशी एक तरुण डॉक्टरीण होती. मास्कवरचे डोळे फार थकलेले. तिनं पोरीला आत नेलं, थोड्या वेळानं बाहेर आली. हृदयाची सोनोग्राफी केली म्हणाली. हृदयाला सूज आहे, पंप कमी चालतोय. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांकडंही लक्ष ठेवावं लागेल. अंगातलीच लढणारी ताकद उलटून अंगावर आलीय, ती शांत करायची औषधं सलाइनमधून सुरू करतो. येणारे दोन दिवस महत्त्वाचे.

"पण मला आधी नीट माहिती हवी," ती म्हणाली. "हिला स्वतःला कोरोना कधी झाला? लक्षणं काय होती, किती दिवस? आमची चाचणी होईल, पण तारखा जुळायला हव्यात. आई कोण आहे?"

"मी."

"सांगा."

मी तोंड उघडलं. "शिंकलीसुद्धा नाही" हे वाक्य तयार होतं. ते मी याआधी एकदा दिलेलं होतं. पण ते मी कशावरून दिलं होतं? गॅलरीतून दिसणाऱ्या हातावरून. मी वैनींकडं बघितलं. त्या भिंतीशी उभ्या होत्या, चपला दारातच काढलेल्या, अनवाणी, पदर तोंडाशी. त्यांचे डोळे खाली.

"आई तुम्हीच ना?" डॉक्टरीण म्हणाली. "मला वेळ नाहीय."

"ह्यांना विचारा," मी म्हणाले. "त्या दिवसांत आई ह्या होत्या."

वैनींनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडं आधी बघून घेतलं, मी खरंच म्हणाले का ते. मग बोलायला लागल्या, हळू, भरभर, जसं बरेच दिवस पाठ करून ठेवलेलं असावं.

"दोन दिस कसर हुती. जास्त न्हाई. खोकला रात्रीचा. तिसऱ्या दिशी आमटी फुळकवणी लागती म्हणाली, चवच न्हाई म्हणाली, मग मला कळलं. आखाडाचा शेवटचा आठवडा. नंतर खेळायला लागली, मग मी म्हटलं गेलं."

"कुणाला सांगितलं नाही?"

"ही वर ऑक्सिजनचं मशीन बोटाला लावून बसलेली. सांगितलं असतं तर उठून खाली आली असती तशीच." माझ्याकडं न बघता त्या माझ्याबद्दल बोलत होत्या. "आणि पोरीला सेंटरवर न्हेतात असं गल्लीत म्हणत हुते. मी कशी धाडू एकटी?"

डॉक्टरीण मनातल्या मनात हिशेब करत होती. "आषाढ अखेरीला. जुळतंय," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्ही तिच्याजवळ होतात."

"मला काय हुतंय!"

"ताप? वास?"

वैनींनी पदर पुन्हा तोंडाशी नेला.

"ताप हुता चारदोन दिस. गोळी घेऊन स्वयंपाक करत हुते. वास मातूर गेला तो गेलाच. अजून येत न्हाई."

"अजून?"

"परवा पुरण लागलं माझं. मला कळलंच न्हाई."

डॉक्टरीण आत गेली. दार मिटलं. रणजित खाली पैसे भरायला गेला होता. आम्ही दोघी त्या बाकावर बसलो, मध्ये एक जागा सोडून, कारण मध्ये फुलीचा स्टिकर होता. माझ्या डोळ्यांसमोर ती पायरी आली. रोज दोन वेळा तिच्यावर ताट असायचं. झाकलेलं, गरम. मी दार उघडून ताट आत घ्यायचे आणि खाताना चिडायचे, की खाली पोर तिच्या हातचं जेवतेय. एकदाही ओरडून विचारलं नव्हतं, वैनी, तुम्ही कशा आहात.

"वैनी," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

"चहा आणू का तुला?" त्या म्हणाल्या, आणि अनवाणीच उठल्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी आयसीयूतून नर्स बाहेर आली. "ईश्वरीला खोलीत हलवतोय. ती आईला बोलावतेय. एकीनंच या आत."

आम्ही दोघी उठलो आणि दोघीही थांबलो.

"जा की," वैनी म्हणाल्या. "तूच."

"कशावरून मी?"

"अगं, मला मोठी आई म्हणती ती." त्यांनी मला पाठीत ढकललं. "जा, नखरे करू नगंस."

मी आत गेले. पोर फिकी, ओठांची सालं निघालेली, बोटांची टोकंही सोलवटलेली. तिनं मला बघितलं आणि जीभ बाहेर काढली. साधी, गुलाबी, पोराची जीभ.

"रंग गेला," ती उदास होऊन म्हणाली.

ईश्वरी आता सहावीत आहे. वर्षातून एकदा हृदयाची तपासणी असते, मागच्या दोन्ही वेळा सगळं ठीक निघालं. गौरीला ती स्वतः विडे करते, मला कात घालून, वैनींना सगळ्यात आधी. माझा विडा बऱ्यापैकी रंगतो. वैनींचा जास्त. मी दरवर्षी बघते, आणि दरवर्षी मला तेवढंच टोचतं. वैनींना ते दिसतं, आणि त्या मुद्दाम जीभ काढून दाखवतात.

पुरण आता आम्ही दोघी मिळून करतो. हलवायचं त्यांनी, वास घ्यायचा मी. दोन वर्षं गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, की विहिरीवरून गौर आणताना तेरड्याच्या ओल्या खोडाचा वास यायचा, तो त्या वर्षी आला नाही तेव्हा त्या मास्कआड रडल्या होत्या. मी शेजारूनच चालत होते.

त्या दिवसांत तुमच्या घरीही असंच झालं असेल. आईबाप वर, दार लावून, आणि पोरं खाली, कुणा काकूकडं, आत्याकडं, शेजारणीकडं. ती कशी आहे हे कुणी विचारलं नसेल, आणि ती आपणहून सांगणारी नसेल. तिच्याकडं जाऊन या. फोनवर नको, फोनवर ती बरी आहे म्हणेल. गुलकंदाची बरणी घेऊन जा, झाकण काढून तिच्या हातात द्या, आणि तिच्या तोंडाकडं बघत विचारा, वास येतो का गं?